बजेटमध्ये गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड कसं निवडायचं? ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांसाठी पूर्ण गाइड

फोन घेताना आपण कॅमेरा, बॅटरी, प्रोसेसर सगळं तपासतो. पण पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायची वेळ आली की बरेचजण दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारतात, "भाऊ, ४ जीबीचं कार्ड केवढ्याला?" घोळ इथूनच सुरू होतो. कार्ड किती "जीबी"चं आहे यावरून ते गेम किती चांगला चालवेल हे कळत नाही. आणि २०-२५ हजार म्हणजे कुणाचा पहिला पगार असतो, कुणाच्या घरच्यांनी वर्षभर बाजूला काढलेले पैसे असतात. चुकीचं कार्ड घरी आलं तर ते बदलून मिळणं सोपं नसतं.

मी डोंबिवलीत राहतो आणि आजूबाजूच्या मुलांना पीसी जोडायला मदत करतो. मला तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र देतोय. कोणतं कार्ड सगळ्यात भारी, हे या लेखात शोधायचं नाही. तुमच्या पीसीला, तुमच्या गेमला आणि तुमच्या खिशाला कोणतं बसतं ते बघायचंय.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे नेमकं काय?

तुमच्या फोनमध्येही जीपीयू असतो. स्नॅपड्रॅगनमधला अ‍ॅड्रेनो किंवा मीडियाटेकच्या बहुतेक चिपमधला माली, तो हाच. फोनमध्ये तो प्रोसेसरच्याच चिपवर बसतो आणि फोनची रॅम वाटून वापरतो. पीसीमधलं ग्राफिक्स कार्ड म्हणजे वेगळा बोर्ड. त्यावर स्वतःची चिप, स्वतःची मेमरी म्हणजे व्हीरॅम, आणि स्वतःचे पंखे असतात.

काही प्रोसेसरमध्ये फोनसारखा आतच जीपीयू असतो. उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी. याउलट इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी "एफ" असतो, जसं आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ, त्यात आतला जीपीयू नसतो. अशा पीसीला कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

आधी ठरवा: खेळणार काय?

*हलके गेम:* व्हॅलोरंट, जुना जीटीए ५, माइनक्राफ्ट. फक्त हेच खेळायचं असेल तर ५६००जीसारख्या प्रोसेसरवरही सेटिंग कमी करून काम भागतं. पण रॅमची एकच पट्टी लावू नका, ८ जीबीच्या दोन लावा. आतल्या जीपीयूला दोन पट्ट्यांचा खूप फायदा होतो. हा खर्च कार्डापेक्षा कितीतरी कमी आहे.

*मध्यम गेम:* काउंटर-स्ट्राइक २, रेसिंग गेम, चार-पाच वर्षांपूर्वीचे मोठे स्टोरी गेम. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनी बनवलेला २०२० चा "राजी" याच गटातला. यांना साधं वेगळं कार्ड पुरतं.

*जड गेम:* अलीकडचे मोठे गेम. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला "इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल" आणि मे २०२५ मधला "डूम: द डार्क एजेस" यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग असलेलं कार्ड लागतंच. जीटीएक्स १६५० किंवा आरएक्स ५८० मध्ये ती सोयच नाही. सेटिंग कितीही कमी केलं तरी हे गेम त्यावर खेळता येत नाहीत. पुढची तीन-चार वर्षं कार्ड वापरायचं असेल तर हा मुद्दा मोठा आहे.

मॉनिटरही बघा. बजेट कार्डांसाठी १०८०पी, म्हणजे फुल एचडी, हीच योग्य जागा. घरात ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर असेल तर १४० एफपीएस देणाऱ्या कार्डावर जास्तीचे पैसे घालून डोळ्यांना फारसा फरक दिसणार नाही.

दुसरी पायरी: तुमच्या पीसीचा एसएमपीएस बघा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आपल्याकडे बरेचजण ऑफिसमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपीचे रिफर्बिश्ड पीसी घेतात. अभ्यासाला ते छान असतात. पण त्यातल्या अनेकांचा एसएमपीएस २०० ते ३०० वॅटचा असतो, त्यात कार्डासाठी वेगळी ६ किंवा ८ पिनची वायर नसते, आणि मदरबोर्डाचा पॉवर कनेक्टरही कंपनीचा स्वतःचा असतो. म्हणजे बाजारातला साधा एसएमपीएस आणून सरळ लावता येत नाही. शिवाय बारीक कॅबिनेट असेल तर अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं.

कल्याणच्या एका मुलाने असाच पीसी घेतला होता आणि त्याला आरएक्स ६६०० घ्यायचं होतं. आम्ही कॅबिनेट उघडून बघितलं तर २४० वॅटचा एसएमपीएस. त्याला दोनच रस्ते होते. एक तर कॅबिनेट, मदरबोर्ड, एसएमपीएस सगळं बदलायचं, नाहीतर स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड लावायचं. त्याने दुसरा रस्ता घेतला आणि उरलेल्या पैशांत एसएसडी टाकली.

पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यात भागणारी कार्डं ही:

- आरटीएक्स ३०५० ६ जीबी: ७० वॅट
- जीटीएक्स १६५०: ७५ वॅट. पण काही मॉडेलला ६ पिनची वायर लागते, बघून घ्या.
- आरएक्स ६४००: ५३ वॅट

असेंबल्ड पीसी असेल तरी निर्धास्त राहू नका. कॅबिनेटसोबत "फुकट" मिळालेल्या एसएमपीएसवर ४५० किंवा ५०० वॅट लिहिलेलं असतं, पण खरी ताकद १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळतात यावर कळते. स्टिकरवर तो आकडा शोधा. त्याला १२ ने गुणलं की त्या लाइनचे वॅट मिळतात. १८ अँपिअर असतील तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. स्टिकरवर ५०० छापलेलं असलं तरी प्रोसेसर आणि कार्ड या दोघांसाठी मिळून तुमच्याकडे एवढेच आहेत. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झचा ५०० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस हा कार्डाच्या बजेटचाच भाग समजा. जुन्या हार्डडिस्कच्या वायरीला जोड लावून ८ पिन बनवून देणारे भेटतात, त्यांना नको म्हणा. वायर गरम होऊन वितळू शकते.

नावातले सापळे

एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डं विकली जातात. ही यादी फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

*जीटी ७१० आणि जीटी ७३०:* "४ जीबी ग्राफिक्स कार्ड" म्हणून स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा जीटी ७३०. ते २०१४ सालचं आहे. स्क्रीन चालू करायला ठीक, गेमिंगला नाही. मेमरी ४ जीबी असली तरी चिप फार कमकुवत आहे. मोठी टाकी बसवली आणि नळ मात्र बारीक, असा प्रकार.

*जीटी १०३०:* यात जीडीडीआर५ आणि डीडीआर४ असे दोन प्रकार आहेत. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवते, दुसऱ्याची १७ जीबीच्या आसपास. नाव मात्र दोन्हींचं एकच.

*आरटीएक्स ३०५०:* ८ जीबीचं मॉडेल जानेवारी २०२२ मध्ये आलं, ६ जीबीचं फेब्रुवारी २०२४ मध्ये. फरक फक्त मेमरीचा नाही. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस, तर ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिटची बस आहे. ६ जीबीवालं स्पष्टपणे हळू आहे. त्याचं खरं बलस्थान म्हणजे वेगळी पॉवर वायर लागत नाही.

*आरटीएक्स ३०६०:* १२ जीबीवालं मूळ कार्ड, १९२ बिटचं. नंतर ८ जीबीवालं १२८ बिटचं आलं, ते हळू आहे.

*आरएक्स ५८० "२०४८ एसपी":* खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर असतात. २०४८ वालं कार्ड प्रत्यक्षात आरएक्स ५७० च्या तोडीचं आहे.

*आरएक्स ६५०० एक्सटी:* हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त ४ लेन वापरतं. मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही ४.० वाले असतील तर ठीक. पण ५६००जी ३.० वरच चालतो. त्यामुळे ५६००जीवाल्या पीसीत हे कार्ड लावलं तर रस्ता निम्माच होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. यात व्हिडिओ एन्कोडरही नाही, म्हणजे खेळताना रेकॉर्डिंग किंवा स्ट्रीमिंग करायचं असेल तर सगळा भार प्रोसेसरवर जातो. आरएक्स ६४०० चंही असंच आहे.

बजेटप्रमाणे काय घ्यायचं?

भाव दर आठवड्याला हलतात, त्यामुळे खालचे गट ढोबळ समजा. दुकानात सांगितलेल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलाय की नाही, हे आधी विचारा. "२० हजार" ऐकून गेलात आणि जीएसटी वेगळा निघाला तर बिल २३,६०० चं होतं.

*१० हजारांच्या आत:* नवीन कार्ड घेऊ नका. या पैशांत रॅमची दुसरी पट्टी किंवा एसएसडी घ्या, नाहीतर सेकंडहँड बघा.

*१५ ते २० हजार:* एसएमपीएस लहान असेल तर आरटीएक्स ३०५० ६ जीबी. त्यात डीएलएसएस चालतं. म्हणजे गेम कमी रिझोल्यूशनवर तयार होतो आणि कार्ड तो मोठा करून दाखवतं, त्यामुळे एफपीएस वाढतात. एसएमपीएस चांगला असेल तर मात्र थोडं थांबून पुढच्या गटात जा.

*२० ते २५ हजार:* इथे आरएक्स ६६०० शोधा. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड आहे, पण ८ जीबी मेमरी, १३२ वॅट आणि एकच ८ पिन. कंपनी ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. साध्या गेमिंगमध्ये ते आरटीएक्स ३०५० ८ जीबीच्याही बरंच पुढे आहे. रे ट्रेसिंगचं हार्डवेअरही आहे, आणि वर सांगितलेल्या "इंडियाना जोन्स"च्या किमान यादीत हेच कार्ड आहे. नवीन मिळालं नाही तर याच गटात आरटीएक्स ५०५० चा भाव विचारा. तेही ८ जीबी, १३० वॅट.

*२५ ते ३५ हजार:* इथे चार नावं.

- आरटीएक्स ५०६०: मे २०२५, ८ जीबी जीडीडीआर७, १४५ वॅट. डीएलएसएस ४ मिळतं.
- आरएक्स ७६००: मे २०२३, ८ जीबी, १६५ वॅट.
- आरएक्स ९०६० एक्सटी: जून २०२५. ८ आणि १६ जीबी असे दोन प्रकार, १६ वालं महाग.
- इंटेल आर्क बी५८०: डिसेंबर २०२४, १२ जीबी, १९० वॅट. मेमरी भरपूर, पण एक अट आहे. बायोसमध्ये रिसायझेबल बार चालू असायला हवा, आणि जुन्या प्रोसेसरवर हे कार्ड मागे पडतं. पीसी नवा असेल तरच घ्या.

प्रोसेसर चौथ्या-सहाव्या जेनचा आय५ असेल तर ३० हजारांचं कार्ड लावून उपयोग नाही. कार्ड फ्रेम काढायला तयार असेल, पण प्रोसेसर त्याला कामच पुरवू शकणार नाही.

घरचे विचारतील: अभ्यासाला उपयोग आहे का?

खरं उत्तर द्या. इंजिनीअरिंगला असाल आणि मशीन लर्निंग, ब्लेंडर असं काही करायचं असेल तर एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड सोयीचं पडतं, कारण बरीच सॉफ्टवेअर त्यांच्या कुडा तंत्रावर चालतात. अशा वेळी थोडे एफपीएस कमी मिळाले तरी आरटीएक्स घ्या, आणि जमलं तर ३०६० चं १२ जीबी बघा. नुसतं ऑफिस, कोडिंग आणि ऑनलाइन लेक्चर असेल तर कार्डाची गरज नाही. खेळायला हवंय तर तसं सरळ सांगा. "अभ्यासासाठी" सांगून घेतलेलं कार्ड निकालाच्या दिवशी चर्चेला येतंच.

सेकंडहँड घ्यायचं का?

घ्यायला हरकत नाही, पण आधी बाजार समजून घ्या. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र चाललेली हजारो कार्डं सेकंडहँड बाजारात आली. मायनिंगचं प्रत्येक कार्ड खराब असतं असं नाही. पण पंखे आणि थर्मल पेस्ट झिजलेले असू शकतात.

ड्रायव्हरकडेही बघा. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट. म्हणून १०५० टीआय किंवा १०६० फारच स्वस्त असेल तरच घ्या. जीटीएक्स १६६० सुपर, आरटीएक्स २०६०, आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ३०६० ही सेकंडहँडमध्ये बघण्यासारखी नावं.

घेताना हे करा:

१. चालू पीसीत लावूनच बघा. स्टेशनच्या पुलावर भेटून कार्ड घेऊ नका, पुलावर प्लगपॉइंट नसतो.
२. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. जुन्या चिपचं बायोस बदलून १०५० टीआय म्हणून विकलेलं कार्ड असेल तर ते नावापुढे "फेक" दाखवतं. शेडर आणि मेमरीचे आकडेही जुळवा.
३. फरमार्क किंवा एखादा जड गेम २०-३० मिनिटं चालवा. तापमान ८५ अंशांच्या वर जातंय का, स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा रेघा येतात का, पंख्याचा खरखर आवाज येतो का, ते बघा.
४. सगळे पोर्ट एकेक करून तपासा.
५. मूळ बिल आणि सीरियल नंबर मागा. वॉरंटी उरली आहे का ते कंपनीच्या साइटवर बघा.
६. पैसे टेस्ट झाल्यावरच पाठवा. "टोकन" म्हणून आधी यूपीआय करू नका.

कुठून घ्यायचं?

*जवळचं दुकान:* ठाणे, डोंबिवली, कल्याणला स्टेशनच्या आसपास कॉम्प्युटरची दुकानं आहेत. भाव थोडा जास्त असू शकतो. पण कार्ड लावून, चालवून देतात, आणि बिघडलं तर रिक्षाने पोचता येतं.

*लॅमिंग्टन रोड:* कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. आपल्याकडून मध्य रेल्वेने दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेची स्लो गाडी पकडायची आणि ग्रँट रोडला उतरून चालत जायचं. तीन-चार दुकानांत भाव विचारता येतो. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, आणि रविवारी आपल्या लाइनीवर मेगाब्लॉकही असतो, त्यामुळे इतर दिवशी जा. आणि संध्याकाळच्या गर्दीत डोंबिवली फास्टमध्ये कार्डाचा खोका घेऊन चढू नका, दुपारीच परत निघा.

*ऑनलाइन:* विक्रेत्याचं नाव बघा आणि पार्सल उघडतानाचा पूर्ण व्हिडिओ काढा.

कुठूनही घेतलंत तरी जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. "बिल नको असेल तर हजार कमी करतो" असं कुणी म्हणालं तर ते हजार रुपये म्हणजे तुमची वॉरंटी समजा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे दुकान मुंबईत असलं तरी आपल्याला ठाणे जिल्ह्यात दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. पण हातात बिल हवं.

वीज, ऊन आणि धूळ

१३२ वॅटचं कार्ड रोज ३ तास पूर्ण भाराने चाललं तर महिन्याला साधारण १२ युनिट. पूर्ण पीसी २५० वॅट धरला तर साडेबावीस युनिट. दर १० रुपये धरला तर सव्वादोनशे रुपये. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटला स्लॅब बदलतो. घर आधीच ३०० च्या काठावर असेल तर हे युनिट महाग पडतात.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीच तापलेली असते. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. घोडबंदर रोड, कल्याण-शीळ रोड अशा रस्त्याच्या कडेला घर असेल तर दोन-तीन महिन्यांनी धूळ काढा. तळमजल्यावर राहत असाल तर पावसाळ्यात कॅबिनेट जमिनीवर नकोच. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॅट मिळतात. तो गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता असतो, मॅच पूर्ण करण्यासाठी नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*८ जीबी रॅम आहे, कार्ड घेऊ का?* आधी रॅम १६ करा.

*कार्ड लावलं तरी गेम तसाच अडखळतोय?* मॉनिटरची वायर कार्डाच्या पोर्टला लावली आहे का बघा. बरेचजण ती मदरबोर्डलाच ठेवतात आणि सगळा खेळ आतल्या जीपीयूवर चालतो.

*कार्ड बसेल का?* कॅबिनेटमध्ये स्लॉटपासून पुढच्या पंख्यापर्यंत टेपने मोजा आणि कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये तपासा.

*अजून थांबू का?* आहे त्या पीसीवर तुमचा गेम चालत असेल तर थांबा. चालत नसेल आणि बजेट जमलं असेल तर घ्या. नवीन कार्डं येतच राहणार.

दुकानात जाण्याआधी

एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो, मदरबोर्ड आणि प्रोसेसरचं नाव, कॅबिनेटमधली मोकळी लांबी, मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि खेळायचे तीन गेम, एवढं फोनमध्ये लिहून न्या. दुकानदाराने दुसरंच कार्ड पुढे केलं तर त्याचं पूर्ण नाव, मेमरी आणि बिट विचारा, बाहेर येऊन पाच मिनिटं तपासा आणि मगच पैसे द्या.